पिनकोडचा एक आकडा गेला आणि काउंटइफ म्हणतो शून्य

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मावसभाऊ रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या पाठवतो आणि पुण्यातलं वाटप माझ्या गळ्यात, ३११ ऑर्डरी, सगळ्या एक्सेलमध्ये. टेम्पोतून एक पेटी उतरली तिचं स्टिकर ओलं होऊन फाटलेलं, नाव नाही, फोन नाही, नुसता पिनकोड आणि त्यातलाही पाचवा आकडा गायब. म्हणजे ४११०, मग भोक, मग ८. कोथरूडचा ४११०३८ असेल, हडपसरचा ४११०२८ असेल, पिंपरीचा ४११०१८ पण असू शकतो. म्हटलं आधी बघू तरी असे आहेत किती.

माहीत नसलेल्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं हे माहीत होतं म्हणून काउंटइफमध्ये (अटीत बसणारे सेल मोजणारं फंक्शन) बिनधास्त टाकलं (फॉर्म्युले इथे देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये नावं आणि आकडे दोन्ही इंग्रजीतच टाका):

=काउंटइफ(बी२:बी३१२,"४११०?८")

उत्तर शून्य. आणि समोर कॉलममध्ये कोथरूडचे पिन ढिगाने दिसतायत!

कारण असं की काउंटइफमधलं प्रश्नचिन्ह आणि स्टार फक्त टेक्स्टवर चालतं, आणि आपण नुसता ४११०३८ टाईप केला की एक्सेल त्याला नंबर समजतं. सेलमध्ये उजवीकडे चिकटलेला असेल तर बहुतेक नंबर, डावीकडे असेल तर टेक्स्ट. शून्य आलं तर निदान कळतं तरी की काहीतरी चुकलंय, पण काही सेल नंबर आणि काही टेक्स्ट अशी खिचडी असेल तर पाच-सहा असं काहीतरी उत्तर येतं आणि आपण ते खरं धरून मोकळे. मग वाटेल चला अख्खा कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट करू, तर तेवढ्याने काही होत नाही, आधी भरलेले नंबर आतून नंबरच राहतात.

मी शेवटी हे वापरलं:

=समप्रॉडक्ट((लेफ्ट(बी२:बी३१२,४)="४११०")*(राइट(बी२:बी३१२,१)="८")*(लेन(बी२:बी३१२)=६))

पहिले चार आकडे, शेवटचा एक आणि एकूण लांबी सहा, तिन्ही जुळलं तर त्या सेलचा १ धरतो, एक जरी हुकलं तरी ०, मग सगळ्याची बेरीज. नंबर असो की टेक्स्ट, याला फरक पडत नाही. फक्त ४११० आणि ८ भोवतीचे डबल कोट्स विसरू नका, लेफ्ट आणि राइट जे काढून देतात ते टेक्स्ट असतं, कोट्स नसले की परत शून्य. माझी अर्धी दुपार त्यात गेली.

दुसरी भानगड स्पेसची. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेले पिन "४११ ०३८" असे मधे जागा सोडून असतात, त्यांची लांबी सात भरते आणि ते गुपचूप गळतात. फाइंड-रिप्लेसमध्ये वर एक स्पेस द्यायची, खालचा डबा रिकामा ठेवायचा, रिप्लेस ऑल. हे मात्र पिनचा कॉलम सिलेक्ट करूनच करा, नाहीतर सगळ्या गिऱ्हाइकांची नाव-आडनावं एकमेकांना चिकटतील 😅

गूगल शीट्सवाल्यांना रेजेक्समॅच (REGEXMATCH, टेक्स्ट दिलेल्या साच्यात बसतं का ते बघणारं फंक्शन) आहे, त्याला नंबर चालत नाही म्हणून रेंजपुढे &"" जोडायचं की त्याचं टेक्स्ट होतं:

=समप्रॉडक्ट(--रेजेक्समॅच(बी२:बी३१२&"","^४११०[०-९]८$"))

सुरुवातीची टोपी (^) आणि शेवटचं डॉलर ($) काढू नका, नाहीतर एखाद्याने चुकून पिनच्या कॉलममध्ये मोबाईल नंबर टाकला असेल आणि त्यात हे आकडे ओळीने आले तर तोही मोजला जाईल.

आणि ४११ ने सुरू होणारे एकूण किती एवढंच हवं असेल, म्हणजे वाघोलीचा ४१२२०७ वगैरे बाजूला काढायचे असतील, तर एवढा खटाटोप नको, काउंटइफ्समध्ये ">=४११०००" आणि "<=४११९९९" अशा दोन अटी दिल्या की झालं. हे मात्र फक्त नंबर असलेले सेल मोजतं, टेक्स्ट सोडून देतं.

तर माझं उत्तर आलं ४७. एवढ्या लोकांना फोन कोण करणार! मग डी कॉलममध्ये पेटी पोचली की मी "दिली" लिहितो ते आठवलं, समप्रॉडक्टच्या शेवटच्या कंसाआधी *(डी२:डी३१२="") जोडलं आणि ४७ चे २ झाले. पहिला फोन कोथरूडला, त्यांनी पुढच्या आठवड्यात पाठवा म्हणून सांगितलेलं होतं. दुसरा हडपसरला, काकू म्हणाल्या, अहो कालपासून वाट बघतोय, आमरसाला दूधसुद्धा आणून ठेवलंय.