लाइट आल्यावर बोर्ड लवकर उठावा म्हणून: आधी कन्सोल गप्प करा

नागपुरात मे महिन्यात लाइट गेली-आली की बुटीबोरी एमआयडीसीच्या शेडमधलं लिनक्स पॅनल (लिनक्सवर चालणारी मशीनची स्क्रीन) पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि ऑपरेटर घाम पुसत काळ्या स्क्रीनकडे बघत उभा राहतो. त्याच्यासाठी ही टीप.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, छोटा करायच्या मागे लगेच लागू नका. आधी सीरियल कन्सोल बघा, म्हणजे सुरू होताना बोर्ड ज्या सीरियल पोर्टवर संदेश छापतो तो. १,१५,२०० बॉड या नेहमीच्या वेगाला सेकंदाला जेमतेम ११,५२० अक्षरं जातात. बूट होताना ३०,००० अक्षरं छापली गेली, तर अडीच सेकंदांहून जास्त वेळ नुसत्या छपाईत जातो, कारण कर्नल बहुतेक वेळा तिथे थांबून राहतो. बूटआर्ग्समध्ये, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये, ‘क्वाएट’ (quiet) हा एक शब्द टाका. संदेश हरवत नाहीत, नंतर डीमेसेज (dmesg) या कमांडने सगळे सापडतात, आणि गंभीर चुका तरीही कन्सोलवर दिसतात. इतक्या कमी कष्टात इतका फायदा देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

मग यू-बूट, म्हणजे कर्नल लोड करणारा प्रोग्राम, त्याचा बूटडिले (bootdelay, कळ दाबली जाते का याची वाट बघण्याचे सेकंद) ० करा. -२ मात्र करू नका. मग कळ दाबूनही बूट थांबवता येत नाही, आणि साइटवर बोर्ड अडकला की फार हाल होतात.

सगळ्या सेवा सुरू करणारा सिस्टमडी असेल तर ‘सिस्टमडी-अनलाइझ क्रिटिकल-चेन’ (systemd-analyze critical-chain) चालवा; कोणती सेवा कोणासाठी थांबली ती साखळी दिसते. त्याच कमांडच्या ‘ब्लेम’ (blame) पर्यायाची, सेवांना लागलेल्या वेळेची यादी फसवते: त्यातल्या सेवा एकाच वेळी चालू असतात. नेटवर्कची वाट बघणारी ‘वेट-ऑनलाइन’ सेवा साखळीत दिसली, तर तुमच्या स्क्रीनला नेटवर्क खरंच लागतं का ते तपासा. केबल निघालेली असली तर ती पूर्ण २ मिनिटं थांबू शकते.

प्रत्येक बदलानंतर स्टॉपवॉच लावून मोजा, लाइट चालू केल्यापासून.