ट्रान्झिशनसाठी स्वतःच्या मनाने गोळ्या घेताय? या चुका टाळा

ट्रान्झिशन म्हणजे शरीर आपल्या लिंगओळखीशी जुळवून घेणं. त्यासाठी काही ट्रान्स स्त्रिया (जन्मावेळी मुलगा ठरवलेल्या, पण स्त्री असलेल्या) स्वतःच काय काय घेतात: शतावरी, मेथी, सोयाच्या कॅप्सूल, झालंच तर थायलंडची पुएरारिया मिरिफिका ही वनस्पती. डबीवर 'नैसर्गिक इस्ट्रोजेन' (म्हणजे स्त्री-हार्मोन) असं बिनदिक्कत छापलेलं असतं. प्रत्यक्षात वनस्पतींमधलं हे द्रव्य इस्ट्रोजेनसारखं वागतं खरं, पण फार क्षीणपणे. शरीरात तयार होणारं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, त्याने दबत नाही, त्यामुळे दाढीची वाढही मंदावत नाही. चार-सहा महिन्यांत छाती भरल्यासारखी वाटली, तर आधी वजनकाटा बघा.

इथे बहुतेक वेळा पैसेच वाया जातात. जिवावर बेतू शकतं ते माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे. स्वस्त, मेडिकलवाला काही विचारत नाही, आणि एखादी मोठी ताई सांगते, 'मी वर्षानुवर्षं घेतेय.' पाकिटात 28 गोळ्या असतात; त्यातल्या 7 नुसत्या लोहाच्या. उरलेल्या 21 मध्ये इथिनाइल इस्ट्राडायोल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असतं. त्याने यकृतात रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात, म्हणूनच ट्रान्स स्त्रियांच्या उपचारांत ते आता वापरत नाहीत. शरीरात बनतं तसं साधं इस्ट्राडायोल देतात. त्याच गोळीतलं दुसरं हार्मोन, लेव्होनॉर्जेस्ट्रेल, तर थोडंफार पुरुषी हार्मोनसारखंच वागतं! 'लवकर फरक पडावा' म्हणून दिवसाला तीन-चार गोळ्या, वर बिडी-सिगारेट, म्हणजे रक्ताच्या गुठळीला आमंत्रण. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघू नका. तडक कॅज्युअल्टी गाठा आणि कोणत्या गोळ्या घेताय ते न लाजता सांगा.

डॉक्टरांकडे हार्मोन्स चालू असलेलेही एका ठिकाणी फसतात: केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वामध्ये. रोजची गरज 30-40 मायक्रोग्रॅम, कॅप्सूलमध्ये मात्र कधी कधी 10,000. काही लॅबच्या यंत्रांत एवढ्या बायोटिनमुळे इस्ट्राडायोल आणि टेस्टोस्टेरॉन आहे त्याहून जास्त दिसतं, टीएसएच (थायरॉइडच्या चाचणीतला आकडा) कमी. मग खोट्या आकड्यावर डोस बदलला जातो. रिपोर्ट अंगाशी जुळत नसेल तर पहिला संशय हाच घ्या. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस ते बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते लॅबला विचारा.

स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) चालू असेल तर घरातलं 'लो सोडियम' मीठही तपासा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि या गोळीने पोटॅशियम आधीच वाढू शकतं.

ट्रान्स पुरुषांनो, गोखरू-अश्वगंधाच्या 'टेस्टो बूस्टर'ने आवाज फुटत नाही. अश्वगंधामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जिममधल्या बिननावाच्या पावडरीत तर लेबलवर नसलेलं स्टेरॉइडही निघतं.

एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जाताना या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या. नुसतं 'आयुर्वेदिक काहीतरी घेते' म्हटल्याने त्यांना काहीच कळत नाही.