मराठी एचटीएमएल मेल बनवताना या चुका टाळा

दर दिवाळीच्या आधी मला तोच फोन येतो. "ब्राउझरमध्ये एकदम मस्त दिसतंय हो, पण साहेबांच्या आउटलुकमध्ये सगळं विस्कटलंय." फाइल मागवली की कारणंही तीच सापडतात. मांडणी फ्लेक्स नाहीतर ग्रिड या वेबपानांच्या पद्धतीची, सीएसएस म्हणजे रंगरूपाचे नियम वेगळ्या फाइलमध्ये आणि टेम्प्लेट इंग्रजी मजकुरासाठी बेतलेलं. त्यात मराठी ओतून मोकळे झालेले असतात. मेल म्हणजे वेबपान नव्हे, हे मी अजूनही दर वेळी नव्याने सांगतो.

मिनिफाय करून पाठवणे

मिनिफाय म्हणजे कोडमधल्या मोकळ्या जागा आणि ओळी काढून तो आखडणे. या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण तिच्यापायी एक अख्खी मोहीम वाया गेलेली मी पाहिली आहे.

एका प्रकाशनासाठी दिवाळी अंकाच्या पूर्वनोंदणीचा मेल करत होतो. चाचणीचे मेल सगळीकडे नीट दिसले. शेवटच्या क्षणी टीममधल्या एका मुलाने "साइज कमी होईल" म्हणून एचटीएमएल मिनिफायरमधून काढलं आणि पुन्हा चाचणी न घेता यादीला पाठवून दिलं. तासाभरात वाचकांची उत्तरं यायला लागली. मजकुरात मध्येच काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह, त्याला चिकटून एक उद्गारचिन्ह आणि पुढचं अक्षर तुटलेलं. एका लेखिकेच्या नावाचेच दोन तुकडे झाले होते. त्यांनी स्वतः फोन केला, तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना.

कारण साधं होतं. मेलच्या नियमानुसार एका ओळीत ९९८ बाइटपेक्षा जास्त मजकूर चालत नाही. मिनिफाय केल्यावर सगळा मेल एकाच ओळीत आला होता. अशी लांबलचक ओळ आली की काही सर्व्हर ती मर्यादेपाशी तोडतात आणि तुटलेल्या जागी उद्गारचिन्ह घालतात. इंग्रजीत तेवढ्याने फार बिघडत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइटची असते. 'क्षि' आपल्याला एकच अक्षर दिसतं, पण क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून ते १२ बाइट खातं. एका खुणेच्या त्या तीन बाइटच्या मध्ये कात्री पडली की अक्षर मेलंच.

तेव्हापासून माझ्याकडे मेलला मिनिफायर लावायचा नाही म्हणजे नाही. प्रत्येक टॅगनंतर ओळ मोडायची. पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एन्कोडिंग (मजकूर पाठवण्याआधी साध्या अक्षरांत बदलायची पद्धत) बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल ठेवायचं, म्हणजे ओळी आपोआप ७६ अक्षरांत बसतात. शिवाय चाचणीचा मेल आला की जीमेलमध्ये 'मूळ संदेश' उघडून मी एन्कोडिंगची ओळ डोळ्यांनी वाचतो. तिथे '८-बिट' दिसलं की थांबतो. यासाठी अर्धं मिनिट लागतं आणि नवीन मुलांना नेमकं तेच जड जातं.

वेलांट्या कापणारी लाइन-हाइट

विंडोजवरचं आउटलुक २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला ब्राउझरचं नव्हे, तर वर्डचं इंजिन वापरत आलं आहे. नवीन आउटलुक वेबच्या पद्धतीने चालतं, पण जुनं ऑफिसांमधून अजून गेलेलं नाही. म्हणून सांगाडा टेबलांचाच हवा. एकूण रुंदी ६०० पिक्सेल ठेवा आणि ती विड्थ ॲट्रिब्यूटमध्येही लिहा. मॅक्स-विड्थ या इंजिनाला कळत नाही. स्टाइल इनलाइन, म्हणजे त्या त्या टॅगमध्येच लिहा. पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) टीडीला, म्हणजे टेबलाच्या घराला द्या, डिव्ह या साध्या चौकटीला दिलेलं गळून पडतं. टेबल फक्त मांडणीसाठी असेल तर त्याला 'प्रेझेंटेशन' हा रोल द्या, नाहीतर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला रांगा आणि रकाने ऐकत बसावं लागतं.

एवढं करूनही मराठी मेल बिघडतो तो लाइन-हाइटपाशी, म्हणजे ओळीला दिलेल्या उंचीपाशी. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्याला २४ पिक्सेलचा फॉन्ट आणि २४ पिक्सेलचीच लाइन-हाइट सर्रास असते. सोबत आउटलुकसाठी 'एक्झॅक्टली' हा नियमही लावलेला असतो. वर्ड तो शब्दशः पाळतं, म्हणजे ओळीच्या उंचीबाहेर जाणारी शाई कापून टाकतं. इंग्रजी अक्षरं त्यातून वाचतात. आपल्या शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार असा सगळा संसार असतो आणि खाली उकार असतात. 'सर्वांना हार्दिक शुभेच्छा'मधले दोन्ही रफार उडालेले मी पाहिले आहेत, 'सवांना हादिक शुभेच्छा' असं वाचायची वेळ आली होती.

मी फॉन्टच्या दीडपट ते १.६ पट लाइन-हाइट पिक्सेलमध्ये लिहितो, मथळ्यालासुद्धा. डिझायनर म्हणतात मथळा सैल दिसतो. दिसू दे, निदान तो वाचता येतो. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मात्र देवनागरीला अजिबात देऊ नका, शिरोरेघेचे तुकडे होतात. फॉन्टच्या यादीत विंडोजसाठी निर्मला यूआय आणि मंगल, ॲपलसाठी कोहिनूर देवनागरी लिहून ठेवा. वेबफॉन्ट (इंटरनेटवरून येणारा फॉन्ट) सगळीकडे उतरेल या भरवशावर राहू नका.

मेल १०२ केबीच्या पुढे नेणे

त्यापुढचा भाग जीमेल कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पहा' अशी लिंक देतं. अनसबस्क्राइबची लिंक आणि ट्रॅकिंग पिक्सेल (मेल उघडला का ते कळवणारं अदृश्य चित्र) बहुतेक वेळा तळाशी असतात, म्हणजे नेमकं तेच आत जातं. आपली अक्षरं तिप्पट जड असल्याने मराठी मेल या मर्यादेला लवकर भिडतो. काही एडिटर तर देवनागरीचे आकडी कोड करून टाकतात, मग ३ बाइटच्या 'म'चे ७ होतात. मी ८० केबीला थांबतो. त्याहून मोठं काही सांगायचं असेल तर लेख साइटवर ठेवून मेलमधून दुवा देतो.

आणखी काही

अख्खा मेल एकाच चित्रात बसवू नका. आउटलुक चित्रं आपणहून उघडत नाही, मग शुभेच्छांच्या जागी कोरी चौकट उरते. ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्र न दिसल्यास त्याच्या जागी येणारे शब्द, मराठीत लिहा.

चित्राची रुंदी टॅगमध्ये लिहा, नाहीतर १२०० पिक्सेलचा फोटो तेवढाच उघडून टेबल फाडतो.

लोगो एसव्हीजी या चित्रप्रकारात देऊ नका, जीमेल तो दाखवत नाही. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो डार्क मोडमध्ये गडप होतो, त्याच्याभोवती पांढरी कड ठेवा.

वर्डमधून थेट चिकटवू नका. मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका, मग उचला.

आणि चाचणी ब्राउझरमध्ये घेऊ नका. माझ्या कपाटात एक जुना विंडोज लॅपटॉप खास यासाठी ठेवलेला आहे. त्यावरचं आउटलुक, फोनवरचं जीमेल आणि आयफोनचं मेल या तिन्हींत मेल उघडतो. मग तो आउटलुकमधून फॉरवर्ड करून पुन्हा बघतो, कारण फॉरवर्ड करताना आउटलुक कोड स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहितं. साहेबांपर्यंत मेल पोहोचतो तो बहुधा फॉरवर्ड होऊनच.