जुन्या युनिक्सवर सॉफ्टवेअर कंपाइल करताना या चुका टाळा

जुन्या सोलारिसवर (सन कंपनीच्या युनिक्सवर) सोर्ससोबत येणारी ‘कॉन्फिगर’ ही तपासणीची स्क्रिप्ट चालवली आणि ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ (कंपायलरला चालणारा प्रोग्राम बनवता येत नाही) अशी ओळ आली, की बहुतेक जण कंपायलरच पुन्हा टाकायला बसतात. तसं करू नका. आधी ‘कॉन्फिग.लॉग’ ही कॉन्फिगरच्या नोंदींची फाइल उघडा.

कॉन्फिगर एकेक चिमुकला सी प्रोग्राम लिहितो, तो कंपाइल होतो का ते पाहतो आणि त्यावरून मशीनवर काय आहे नि काय नाही ते ठरवतो. पडद्यावर फक्त निकाल दिसतो, कारण लॉगमध्ये असतं. लॉगच्या तळाशी व्हेरिएबल्सची लांबलचक यादी असते. ती पाहूनच अनेक जण फाइल बंद करतात. वर जात राहा आणि ‘फेल्ड प्रोग्राम वॉज’ हे शब्द शोधा. खरी तक्रार त्याच्या जरा वर असते.

माझा एकदा अख्खा दिवस असाच गेला. शेवटी लॉगमध्ये ओळ सापडली: ‘लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड’. माझ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (शेलच्या सेटिंगमध्ये) कंपायलर म्हणून नुसतं ‘सीसी’ लिहिलेलं होतं आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, ‘/यूएसआर/यूसीबी’ पुढे होतं. तिथला ‘सीसी’ म्हणजे निव्वळ एक स्क्रिप्ट. विकतचा कंपायलर टाकलेला नसेल तर ती एवढंच सांगून थांबते. जीसीसी या मोफत कंपायलरचा पूर्ण पत्ता दिला आणि काम झालं. मात्र पुन्हा चालवण्याआधी ‘कॉन्फिग.कॅश’ ही आधीच्या चाचण्यांची उत्तरं साठवणारी फाइल पुसा. ऑटोकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं साधन) २.५० च्या आधीच्या स्क्रिप्ट ही फाइल आपणहून तयार करतात आणि मग जुनीच चुकीची उत्तरं वापरत राहतात.

‘एआर नॉट फाउंड’ आलं (एआर ही लायब्ररी फाइल बांधणारी कमांड) तर ‘/यूएसआर/सीसीएस/बिन’ पाथमध्ये जोडा. मेकफाइलमध्ये (‘मेक’ कमांडला बांधणीच्या पायऱ्या सांगणाऱ्या फाइलमध्ये) विचित्र चुका दिसू लागल्या तर सिस्टमच्या मेकऐवजी जीएनयू मेक वापरून पाहा.

नेटवर्कचा प्रोग्राम लिंक होताना (लायब्रऱ्यांशी जोडला जाताना) ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ येतं, कारण जुन्या सोलारिसवर ‘सॉकेट’ आणि ‘गेटहोस्टबायनेम’ ही फंक्शन्स सी लायब्ररीत नसून ‘सॉकेट’ आणि ‘एनएसएल’ या वेगळ्या लायब्रऱ्यांत आहेत. मेकफाइल हाताने बदलू नका. कॉन्फिगर चालवतानाच ‘लिब्स’ व्हेरिएबलमध्ये ‘-एलसॉकेट -एलएनएसएल’ द्या, म्हणजे त्याच्या चाचण्यांनाही त्या मिळतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे नव्या लिनक्सवरून हेडर फाइल (टाइप आणि फंक्शनची घोषणा असलेली फाइल) उचलून आणणं. सोलारिस ९ वर ‘एसटीडीइंट.एच’ नाही, म्हणून ती आणून टाकण्याचा मोह होतो. कंपाइल कदाचित होईलही, पण त्या हेडरमधले आकार तुमच्या सी लायब्ररीशी जुळतीलच असं नाही, आणि मग प्रोग्राम चालता चालता भलत्याच ठिकाणी कोसळतो. हवे ते बहुतेक टाइप तिथल्याच ‘इंटटाइप्स.एच’ मध्ये आहेत; सोर्समध्ये ती इन्क्लूड करा.

इन्स्टॉल झाल्यावर प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी ‘एलडीडी’ कमांड चालवाच. एखाद्या लायब्ररीसमोर ‘फाइल नॉट फाउंड’ दिसलं, तर लिंक करताना ‘-आर’ ने तिची डिरेक्टरी सांगायची राहिली आहे.