पान्हा कोणाच्या हातात आहे, ते बघा

कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये, रोबोटिक्स क्लबमध्ये किंवा रॉकेट बनवणाऱ्या गटात नुकतेच दाखल झाला असाल, तर पहिले काही आठवडे एक गोष्ट बारकाईने बघा. यंत्राला हात कोण लावतं आणि एक्सेल शीट कोण भरतं? मी फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग कार बनवून उतरायच्या स्पर्धेच्या, टीममध्ये आधी सस्पेन्शनचं (चाकं गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या भागाचं) काम केलं, नंतर मॅन्युफॅक्चरिंगची जबाबदारी सांभाळली. टीम सगळ्यांची आहे की मोजक्यांची, हे कामाच्या वाटपावरूनच कळतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

हे वाटप कोणी ठरवून करत नाही. स्पर्धा जवळ आलेली असते, रात्र झालेली असते, मग ज्याला वेल्डिंग जमतं तोच वेल्डिंगला बसतो. जी नेटकं लिहिते तिच्याकडे रिपोर्ट जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच होतं, कारण आता त्याच कामाचा 'अनुभव' त्यांच्या नावावर असतो. कॅरल सेरॉन, सुझन सिल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना रोजनिशी लिहायला सांगितली होती. गटाने करायच्या प्रोजेक्टमध्ये खरं तांत्रिक काम मुलांकडे आणि किरकोळ, नोंदी ठेवण्याचं काम आपल्याकडे येतं, असं मुलींनी पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. हा अभ्यास वाचताना मला आमचंच वर्कशॉप डोळ्यांसमोर दिसत होतं.

यावर आम्ही एक नियम केला, आणि बाकी सगळ्या उपायांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहायची, एक ते काम येणाऱ्याचं आणि एक ते शिकणाऱ्याचं. पान्हा शिकणाऱ्याच्या हातात राहील. येणाऱ्याने शेजारी उभं राहून तोंडाने सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सीनियरला हे फार जड जातं. दोन मिनिटांचं काम डोळ्यांसमोर वीस मिनिटं चाललेलं बघवत नाही आणि हात आपोआप पुढे जातो. तो हात मागे घेणं हेच सीनियरचं शिक्षण आहे. सुरक्षेशी तडजोड मात्र करायची नाही. ब्रेक आणि सस्पेन्शनच्या बोल्टना शिकणाऱ्याने टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पान्हा) लावला, की येणाऱ्याने तपासायचं आणि मगच त्यावर मार्करची रेघ ओढायची. पहिलं वेल्डिंग भंगारातल्या पाइपवर. आणि हे सगळं हंगामाच्या सुरुवातीलाच करून घ्यायचं. स्पर्धेच्या तोंडावर कोणतीच टीम कोणाला शिकवत बसत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

'एवढा वेळ कुठून आणायचा?' असं विचारणाऱ्यांना मी स्पर्धेचेच गुण दाखवते. फॉर्म्युला एसएईच्या (फॉर्म्युला स्टुडंटच्या मूळ अमेरिकी स्पर्धेच्या) एकूण १००० गुणांपैकी १५० डिझाइनचे असतात. तिथे परीक्षक येऊन 'ही जाडी का निवडली? हा आर्म इथेच का जोडला?' असं खोदून विचारतात. सगळं ज्ञान दोघांच्याच डोक्यात असलेली टीम तिथे लगेच उघडी पडते.

या स्पर्धेच्या नियमांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. गाडीत ५व्या पर्सेंटाइलच्या स्त्रीपासून (शंभरात जेमतेम पाच स्त्रियाच तिच्याहून लहान चणीच्या असतात) ९५व्या पर्सेंटाइलच्या पुरुषापर्यंत (शंभरात जेमतेम पाच पुरुषच त्याच्याहून मोठे असतात) सगळ्यांना नीट बसता आलं पाहिजे. एंड्युरन्सची, म्हणजे गाडीचा टिकाऊपणा बघणारी, शर्यत साधारण २२ किलोमीटरची असते आणि मध्येच ड्रायव्हर बदलतो, म्हणून पेडल पुढे-मागे सरकवता येईल असं बनवावं लागतं. वेगवेगळ्या शरीरांचा विचार इथे डिझाइनची अट म्हणून आला आहे. मग तोच विचार वर्कशॉपला का लावू नये? हातमोजे आणि वेल्डिंगचं जॅकेट एकाच मापाचं असेल, तर लहान चणीच्या व्यक्तीसाठी ते गैरसोयीचंच नाही, धोक्याचंही आहे. वायरिंगचंही तसंच. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण १२ जणांमागे एकाला लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. म्हणून आमच्या हार्नेसमधल्या (गाडीतल्या वायरींच्या जुडग्यातल्या) प्रत्येक वायरला रंगाबरोबर क्रमांकाचं लेबलही असतं. त्याचा फायदा रात्री अंधुक उजेडात दोष शोधताना सगळ्यांनाच झाला.

मीटिंगबद्दल थोडं. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये मानसिक सुरक्षिततेवर शोधनिबंध लिहिला. चूक कबूल केली किंवा प्रश्न विचारला तर टीममध्ये आपला पाणउतारा होणार नाही, हा विश्वास असेल तिथे लोक जास्त शिकतात, असं त्यांना आढळलं. इंजिनिअरिंगमध्ये हे थेट जिवाशी येतं. क्रॅक दिसूनही ज्युनिअर गप्प राहिला, तर गाडी क्रॅकसकट ट्रॅकवर जाते. म्हणून रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न सर्वांत नव्या सदस्याने विचारायचा, अशी पद्धत ठेवा. संक्षेपांची एक यादी भिंतीवर लावा. रात्री वर्कशॉपमध्ये तिघांनी मिळून घेतलेला निर्णय सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लिहिला जाईपर्यंत निर्णय धरू नका. लांबून येणारे, नोकरी करून शिकणारे, लवकर घरी परतावं लागणारे लोक याच रात्रीच्या निर्णयांमुळे हळूहळू बाहेर फेकले जातात. टीम सोडताना ते 'वेळ जमत नाही' एवढंच सांगतात.

टोमणे, नकोसे स्पर्श, जातीवरून किंवा भाषेवरून केलेली थट्टा यांत मधला मार्ग नसतो. तक्रार कॅप्टनशिवाय आणखी एका व्यक्तीकडे करता आली पाहिजे, कारण तक्रार कॅप्टनविरुद्धही असू शकते. त्या व्यक्तीचं नाव पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत असावं.

आता तुमच्यासाठी, जे नव्याने येत आहेत. 'काहीही काम द्या, करीन' असं म्हणू नका. एक ठरावीक पार्ट मागा. ब्रेक पेडल, एखादं ब्रॅकेट, सेन्सरचा माउंट, काहीही चालेल, पण कॅडपासून (संगणकावरच्या आराखड्यापासून) गाडीवर बसवेपर्यंत तो तुमचा असू द्या. रिपोर्ट लिहायला दिला तर आनंदाने घ्या, पण एक अट घाला, की ज्या चाचणीचा रिपोर्ट लिहायचा, त्या चाचणीला मी हजर असणार आणि मोजमाप मी घेणार. चांगला सीनियर ही अट लगेच मान्य करतो. टाळाटाळ झाली तर दुसऱ्या सब-टीमच्या लीडशी बोला. बऱ्याचदा शेजारच्याच टेबलावर शिकवायला उत्सुक असलेलं कोणीतरी असतं.