'जीव कधी येतो?' असं गर्भपाताचा विचार करणाऱ्या बाईनं विचारलं तर (आशाताईंसाठी)

आधी पाळीची तारीख काढा. आठवत नसेल तर आखाजीच्या आधी की नंतर, बाजाराच्या आदल्या दिवशी की नंतर, असं विचारत जा. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भ साधारण दोन आठवड्यांनी राहतो. घोळ इथंच होतो: १ जूनला पाळी आली असेल तर ६ जुलैला पाच आठवडे भरतात, गर्भ मात्र तीनच आठवड्यांचा.

मग तिचा प्रश्न. फलन, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत दिसणारी हृदयाची हालचाल, चोविसाव्याच्या आसपास बाहेर जगण्याची शक्यता, हे टप्पे सांगा. यातला 'जीव' कोणता, हे सोनोग्राफी सांगत नाही. धर्माधर्मांत आणि घराघरांत मतं वेगळी. तुमचं मत विचारलं तरी सांगू नका. सासूबाईंना बाहेर ओट्यावर बसवून तिच्याशी एकटीशी बोललेलं बरं.

कायद्यातल्या कारणांसाठी गर्भपात करायचा तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. लिंग तपासून पाडणं मात्र गुन्हाच.

मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या नकोत. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर त्या लागू पडत नाहीत, नळी फुटू शकते. तासाला दोन पॅड, असं सलग दोन तास भिजले तर लगेच १०८ ला फोन.