‘खोली गेली’ हे खरं की सबब? भाड्याच्या खोलीतला भेदभाव मोजायची रीत

‘तुमच्या लोकांना देत नाही’ असं तोंडावर कुणी सहसा म्हणत नाही. म्हणतात ते ‘आत्ताच गेली हो’, ‘भाचा येतोय राहायला’, ‘आम्ही फॅमिलीलाच देतो’. विजापूरकडचा गवंडी, गोव्यात कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या शॅकवर काम करणारी मणिपूरची मुलगी, दलित नर्स, मुसलमान मेकॅनिक, आफ्रिकेतून शिकायला आलेला विद्यार्थी, सगळ्यांना हेच ऐकवलं जातं. कुणालाच ते सिद्ध करता येत नाही, कारण खोली खरंच गेली असण्याची शक्यता उरतेच.

ही शक्यता बाजूला काढायची पद्धत म्हणजे जोडीची चाचणी. एकाच खोलीसाठी दोघांनी फोन करायचा. वय, नोकरी, पगार, किती दिवस राहणार हे सगळं सारखं ठेवायचं आणि ज्या गोष्टीबद्दल शंका आहे तेवढीच वेगळी ठेवायची. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरीच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज नावं बदलून पाठवले होते. दलित आणि मुसलमान नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. तीच कल्पना म्हापशात, मडगावात किंवा वास्कोत पाचसहा जणांच्या गटालाही राबवता येते.

पहिलं काम म्हणजे ‘फरक कशाचा’ हे नक्की करणं. गोव्यात चाचणी इथेच फसू शकते. एकजण कोकणीत बोलला आणि दुसरा हिंदीत, तर तुम्ही भाषा तपासली, जात नव्हे. दोघांनीही हिंदीतच बोलावं, किंवा दोघांनीही मराठीत. आडनावांवर तर मुळीच विसंबू नका. नाईक आणि गावकर ही आडनावं इथे इतक्या वेगवेगळ्या समाजांत आहेत की ऐकणाऱ्याला त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून आधी ठरवलेली नावं प्रकल्पाशी संबंध नसलेल्या वीस जणांना ऐकवा आणि ‘हा माणूस कुठला वाटतो?’ एवढंच विचारा. पंधराजणांचं तरी उत्तर जुळलं नाही तर ते नाव सोडा. परदेशी विद्यार्थ्याची जोडी भारतीयाशी लावू नका. परदेशी भाडेकरू ठेवला की मालकाला त्याची माहिती सरकारला फॉर्म भरून कळवावी लागते, आणि नकार त्या कटकटीमुळेही येऊ शकतो. आफ्रिकी विद्यार्थ्यासमोर युरोपीय विद्यार्थी ठेवा, म्हणजे कटकट दोघांनाही सारखीच.

जाहिराती वर्तमानपत्रातून, फेसबुक ग्रुपवरून आणि गेटवरच्या ‘भाड्याने देणे’ पाट्यांवरून घ्या. एक फोन नंबर एकदाच. एकेका दलालाच्या हातात दहा-दहा खोल्या असतात. त्याला दहादा मोजलंत तर तो सगळ्या निकालावर बसेल. पर्यटनाच्या हंगामात खोल्या तासाभरातही जातात. कॉलेजं सुरू व्हायच्या आधी, जूनच्या सुरुवातीला काम सोपं पडतं. दुपारी एक ते चार फोन करू नका. झोपमोड झालेला मालक सगळ्यांनाच तोडून बोलतो.

दोन फोनांत अर्धा ते दीड तास अंतर ठेवा, दोन्ही त्याच दिवशी. आधी कोण करणार ते दर वेळी नाणं उडवून ठरवा, नाहीतर पहिल्याला नेहमीच फायदा मिळेल. दुसऱ्याला ‘गेली’ असं सांगितलं तर संध्याकाळी तिसऱ्या माणसाने, पहिल्यासारख्याच ओळखीने, पुन्हा विचारावं. त्याला ‘आहे, बघायला या’ म्हटलं तर सबब उघडी पडली. शब्द मात्र तिघांचे वेगवेगळे हवेत. एकच ठरलेलं वाक्य तीनदा ऐकलं की मालकाला संशय येतो.

नोंदवहीत फक्त घडलेलं लिहा: वेळ, सांगितलेलं भाडं, डिपॉझिट, बघायला बोलावलं का, ‘खंयचे तुमी?’ (कुठले तुम्ही?) हा प्रश्न भाड्याच्या आधी आला की नंतर, आणि मालकाचे शब्द जसेच्या तसे, त्याच भाषेत. फोन ठेवल्यापासून दहा मिनिटांत. ‘उद्धटपणे बोलला’ ही नोंद निकामी आहे. ‘नाव सांगितल्यावर डिपॉझिट दुप्पट केलं’ ही नोंद कामाची. नकार न देता रक्कम वाढवणं हा भेदभावाचा फार प्रचलित प्रकार आहे, आणि फक्त हो-नाही मोजणाऱ्यांच्या तो हातून निसटतो.

जोड्या किमान पन्नास हव्यात. समजा पन्नासपैकी ३३ जोड्यांत दोघांना सारखंच उत्तर मिळालं. १४ जोड्यांत ज्याच्याशी भेदभावाची शंका नाही फक्त त्याला बोलावलं आणि ३ जोड्यांत ज्याच्याशी शंका आहे फक्त त्याला, मग आधी फोन कुणीही केलेला असो. सारखी उत्तरं बाजूला ठेवा आणि उरलेल्या १७ कडे बघा. नाणं १७ वेळा उडवल्यावर कुठल्याही एका बाजूला १४ किंवा जास्त पडण्याची शक्यता शंभरात सुमारे १.३ आहे. म्हणजे हा योगायोग म्हणून झटकता येत नाही. हेच आकडे ९ आणि ८ असते तर त्यावरून काही म्हणू नये, प्रेस नोट तर काढूच नये. एका कच्च्या दाव्यामुळे पुढची पाच वर्षं तुमचं कुणी ऐकत नाही.

फोन करणाऱ्यांना जपा. दिवसाला सहापेक्षा जास्त फोन एकाला देऊ नका. सलग नकार ऐकणं, तेही आपल्याच नावामुळे, हे आतून पोखरणारं काम आहे. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून नोंदी वाचाव्यात, आणि ज्याला थांबायचं असेल त्याला कारण विचारू नये. मालकांची नावं आणि नंबर जाहीर करायचे नाहीत. भांडण एका घराशी नाही.

आता हे घेऊन जायचं कुठे? खासगी मालकाला थेट रोखणारा सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही, हे आधी मान्य करा. घटनेचं कलम १५(१) सरकारला बांधतं. १५(२) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी-तळी यांना लागू आहे. दोन्ही फक्त नागरिकांसाठी. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत वांशिक भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घ्या. तो १९६५ चा, भारताने १९६८ साली मान्य केलेला, आणि त्यात घराचा हक्क नावानिशी आहे. जातीवाचक शिवी चारचौघांत दिली गेली असेल तर अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो. गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश २००३ साली झाला, त्यामुळे त्यांनाही तो लागू आहे. धनगर गवळी त्या यादीत नाहीत. तक्रार लिहून देताना ही चूक सर्रास होते.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. त्यात ‘का’ विचारू नका, ‘किती’ विचारा: अमुक पोलीस ठाण्यात तीन वर्षांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, किती आरोपपत्रं दाखल झाली. उत्तर आलं नाही तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील.

ग्रामसभेत ठराव मांडायचा असेल तर तो गावच्या मतदारयादीतल्या माणसाने मांडावा लागतो. भाडेकरूचं नाव बहुधा त्या यादीत नसतं. म्हणून गावातला सोबती आधी शोधा आणि ठराव सरपंचांकडे आगाऊ लेखी द्या. मागणी एकच आणि छोटी ठेवा: पंचायतीच्या फलकावर लागणाऱ्या भाड्याच्या जाहिरातीत जात, धर्म किंवा प्रांताची अट नसावी. ‘भायल्यांची (बाहेरच्यांची) बाजू घेता’ असं कुणीतरी म्हणेलच. अशा वेळी मुंबईत, पुण्यात, दुबईत खोली शोधणाऱ्या त्याच गावच्या पोरांची आठवण करून द्या आणि मग चाचणीच्या निकालाचा तक्ता पुढे ठेवा.

पत्रकारांच्या आधी दलालांना बोलवा. मालक काय अटी घालतात ते त्यांना पुरतं ठाऊक असतं, आणि जात-प्रांताचा रकाना नसलेला एकच छापील फॉर्म वापरायला त्यांतले काहीजण तयार होतात. वर्षानंतर त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने, नव्या पन्नास जोड्या करा. तोवर पहिल्या वेळचे नंबर पुसून टाका आणि फक्त तक्ता ठेवा.